आखडलेल्या मुठीचा इतिहास

1973 साली बार्शीत तापाची साथ आली. आदल्या वर्षीच्या दुष्काळाने सोलापूर जिल्हा पिळून निघाला होता. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती, आणि घरात मिळेल तेवढं पाणी रांजणात, हौदात, पिंपात साठवून ठेवलं जात होतं. ही साथ पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास अशाच साठवणीच्या स्वच्छ पाण्यात वाढतो. ताप चार-पाच दिवसांत उतरायचा, पण जाताना सांधे धरून जायचा. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी या साथीचा अभ्यास केला. बार्शीतल्या दर शंभर माणसांत सदतीस-अडतीस जणांना लागण झाल्याचं त्यांना आढळलं. आजार होता चिकुनगुन्या. 1963 ला कोलकाता, 1964 ला मद्रास, 1965 ला नागपूर आणि 1973 ला बार्शी, एवढा फेरा करून तो देशातून तीस वर्षं जवळपास नाहीसाच झाला.

वैराग याच बार्शी तालुक्यातलं, बार्शी-सोलापूर रस्त्यावरचं बाजाराचं गाव. सांध्याच्या कोणत्याही दुखण्याला आमच्याकडे एकच उत्तर ठरलेलं आहे: वात धरला. साथीच्या तापाने धरलेला सांधा, साठीत झिजलेला गुडघा, ऊसतोडीने मोडलेली कंबर आणि पस्तिशीतल्या बाईची सकाळी न मिटणारी मूठ, सगळं त्या एकाच खात्यावर. यातली शेवटची गोष्ट बाकीच्यांपासून वेगळी काढणं हेच या आजाराच्या इतिहासातलं सर्वांत अवघड काम होतं. पॅरिसला ते 1800 साली सुरू झालं. आमच्या भागात ते सुरू व्हायला 1996 उजाडलं. हा लेख त्या शेवटच्या दुखण्याचा, आमवाताचा आहे. डॉक्टर त्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात.

आधी ते दुखणं नीट पाहू. बाई पहाटे उठते आणि बोटं वळत नाहीत. भाकरी थापायला घेतली तर पंजा सपाट पडत नाही, धुणं पिळता येत नाही, हंड्याच्या गळ्याला हात घालून तो उचलता येत नाही. हे आखडणं तासभर, कधी दोन तास टिकतं आणि कामाला लागल्यावर सैल पडतं. झिजलेल्या गुडघ्याचं उलटं असतं, तो काम केल्यावर जास्त दुखतो. पायाची बोटं सुजतात आणि जोडवी रुतायला लागतात. दुखणं बहुधा दोन्ही अंगांना सारखं असतं, उजव्या मनगटाला सूज आली की डाव्यालाही येते. पण सर्वांत आधी कळतं ते कासाराकडे. बांगड्या भरताना कासार पंजा दोन्ही बाजूंनी दाबून बोटांच्या मुळाचे सांधे जवळ आणतो. आमवाताची सुरुवात झालेली बाई तिथे कळवळते. सांधेतज्ज्ञ तपासताना हाताचा हाच भाग तसाच आडवा, हलकेच दाबून पाहतात.

या दुखण्याचं वर्णन आपल्याकडे जुनं आहे. सातव्या-आठव्या शतकाच्या सुमाराच्या माधवनिदान या ग्रंथात माधवकराने आमवाताला स्वतंत्र प्रकरण दिलं. हात, पाय, घोटे, गुडघे सुजणं, अंगात कसर, अन्नावरची वासना उडणं आणि विंचू डसल्यासारखी वेदना, हे सगळं तिथे आहे. त्यातला प्रत्येक रुग्ण आजच्या व्याख्येत बसेल असं नाही. पण सांध्यांचं हे दुखणं साऱ्या शरीराच्या बिघाडातून येतं, ही दृष्टी त्यात आहे आणि ती खरी ठरली.

पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात लांद्रे-बोव्हे या तरुण डॉक्टरने 1800 साली आपल्या प्रबंधात नऊ बायकांची हकिगत लिहिली. त्या काळी सांधेसुजीला सरसकट गाऊट म्हणत, आणि गाऊट हा खाऊनपिऊन सुखी असलेल्या पुरुषांचा आजार समजला जाई. या तर दुबळ्या, गरीब बायका होत्या. हा आजार निराळा आहे, हे त्याने ओळखलं. 1859 मध्ये लंडनच्या आल्फ्रेड गॅरड यांनी त्याला आजचं नाव दिलं. नाव मिळालं, तरी उपाय मिळायला आणखी शतकभर लागलं.

दुखणं उद्भवतं कशाने, हेही टप्प्याटप्प्याने उमगलं. 1940 मध्ये नॉर्वेच्या एरिक वॉलर यांना अशा रुग्णांच्या रक्तात मेंढीच्या तांबड्या पेशींच्या गुठळ्या करणारा काही घटक सापडला. पुढे न्यूयॉर्कच्या हॅरी रोझ यांनाही तोच आढळला. हाच आजच्या रिपोर्टवरचा आरए फॅक्टर. शरीराची रोगाशी लढणारी फौज इथे स्वतःच्याच प्रथिनांवर उलटलेली असते. सांध्याच्या आत सायनोव्हियम नावाचं पातळ अस्तर असतं. ते सुजतं, जाड होतं आणि कूर्चेवर, मग हाडावर चढून ते खायला लागतं. 1987 मध्ये एचएलए-डीआरबी1 या जनुकाच्या काही प्रकारांत एक सामाईक तुकडा सापडला. तो ज्यांच्यात असतो त्यांना धोका जास्त. मात्र जनुक असून आयुष्यभर काही न होणारेच पुष्कळ. ठिणगी बाहेरून पडावी लागते. सिगारेट-बिडीचा धूर ही त्यातली सर्वांत पक्की ठरलेली. हिरड्यांच्या जुनाट आजाराशीही संबंध दिसला आहे. धुराने आणि दाहाने प्रथिनांतल्या आर्जिनिनचं सिट्रुलिन होतं आणि शरीर त्या बदललेल्या प्रथिनाला परकं समजून प्रतिपिंडं तयार करतं. अँटी-सीसीपी ही तपासणी तीच शोधते. सांधा सुजण्याच्या कित्येक वर्षं आधी ही प्रतिपिंडं रक्तात असू शकतात.

म्हणजे थंड वारं, दही, चिंच किंवा आळशीपणा यातलं काहीच या आजाराचं मूळ नाही. हे ठासून सांगतो, कारण आमच्याकडे आजारी बाईलाच तिच्या आजाराचा दोष दिला जातो. तिने बाळंतपणात पथ्य पाळलं नाही, कान बांधले नाहीत, म्हणून वारं लागलं. बाळंतपणाशी संबंध आहे, पण तो असा नाही. गरोदरपणात हा आजार बऱ्याच जणींत आपोआप शमतो आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांत उसळतो. बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेली गोष्ट खरी होती, फक्त ठपका चुकीच्या जागी ठेवला गेला.

याच गोष्टीने अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच यांना विचारात पाडलं. कावीळ झाल्यावर आणि गरोदरपणात आमवात शमतो, म्हणजे तो शमवणारं काहीतरी शरीरातच तयार होत असणार. 21 सप्टेंबर 1948 रोजी त्यांनी अंथरुणाला खिळलेल्या 29 वर्षांच्या एका बाईला 'कंपाउंड ई'चं पहिलं इंजेक्शन दिलं. आठवड्याच्या आत ती बाजारात जाऊन खरेदी करून आली. हेच कॉर्टिझोन, आमवातावर गुणकारी ठरलेलं पहिलं स्टेरॉइड. 1950 मध्ये हेंच आणि रसायनशास्त्रज्ञ केंडॉल व राइखस्टाइन यांना नोबेल मिळालं. पण तोवर त्याची किंमतही दिसू लागली होती: सुजलेला चेहरा, ठिसूळ हाडं, वाढलेली साखर, आणि औषध थांबवताच दुप्पट जोमाने उलटणारं दुखणं.

स्टेरॉइड आजही उपयोगी आहे. मुख्य औषध लागू पडेपर्यंतचे आठवडे निभावायला डॉक्टर ते थोड्या मात्रेत देतात आणि कमी करत बंद करतात. आमच्याकडे मात्र ते नाव न सांगता आलं, कागदाच्या पुडीत बांधलेल्या भुकटीतून. पुडी घेतली की तिसऱ्या दिवशी मूठ मिटते, बाई पुन्हा खुरपायला जाते आणि पुडी देणाऱ्याचं नाव पंचक्रोशीत होतं. दुखणं थांबतं, आत हाड खाल्लं जाणं चालूच राहतं. नुकसान इथेच होतं आणि ते भरून येत नाही. सांधा एकदा वाकला की कोणत्याही गोळीने सरळ होत नाही.

खरा उपाय दुसऱ्याच वाटेने आला, आणि तिचं एक टोक मुंबईत आहे. 1928 मध्ये लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. कापड गिरण्यांतल्या गरोदर बायकांना होणाऱ्या भयंकर रक्तक्षयाचा ती हाफकिन संस्थेत अभ्यास करत होती. या बायकांच्या जेवणात भाजी, फळं, दूध जवळपास नसे. यीस्टपासून बनवलेलं मार्माइट हे साधं चाटण दिल्यावर त्यांचं रक्त भरून येतं, हे तिने 1931 मध्ये प्रसिद्ध केलं. त्या चाटणातला गुणकारी घटक म्हणजे फॉलिक अ‍ॅसिडचं कूळ. पुढे भीमावरमला जन्मलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेतल्या चमूने फॉलिक अ‍ॅसिड प्रयोगशाळेत तयार केलं. मग त्यांनी त्याच्या उलट काम करणारे, पेशींना फॉलेट मिळू न देणारे रेणू बनवले. त्यातलं अमिनॉप्टेरिन सिडनी फार्बर यांनी बोस्टनमध्ये रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिलं. त्याचंच भावंड मेथोट्रेक्सेट. सुब्बाराव 1948 मध्येच गेले. आपल्या रेणूचा सांध्यांशी काही संबंध लागेल हे त्यांना कळलंच नाही.

1951 मध्ये गब्नर या डॉक्टरांनी अमिनॉप्टेरिन आमवाताच्या रुग्णांवर वापरून पाहिलं आणि गुण आला. पण जगाचे डोळे तेव्हा कॉर्टिझोनने दिपले होते. तीस-पस्तीस वर्षं ती गोष्ट बाजूला पडली. 1985 च्या सुमारास नीट चाचण्या झाल्या आणि 1988 मध्ये अमेरिकेत मेथोट्रेक्सेटला आमवातासाठी मान्यता मिळाली. आज जगभर पहिलं औषध हेच आहे, सोबत फॉलिक अ‍ॅसिडची गोळी. मुंबईच्या गिरणीतल्या बायकांनी दाखवलेलं औषध आणि त्याचंच विरोधी औषध, दोन्ही एकाच रुग्णाच्या डब्यात असतात. या साऱ्या हकिगतीत मला इतकी विलक्षण जागा दुसरी दिसत नाही.

पण औषध असणं आणि ते कुणाला द्यायचं हे ठाऊक असणं, यात मोठं अंतर असतं. भारतात आमवाताचे रुग्ण किती, याचा अंदाज नव्हता. 1993 मध्ये दिल्लीजवळच्या खेड्यांतला मालवीय आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा प्रौढांतलं प्रमाण 0.75 टक्के निघालं. जागतिक आरोग्य संघटना आणि सांधेतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी 1981 मध्ये कॉपकॉर्ड नावाचा कार्यक्रम सुरू केला होता. गरीब देशांतल्या वस्तीत जाऊन, घरोघर विचारून सांध्यांचे आजार मोजायचे, असा तो होता. 1996 मध्ये तो आमच्या रस्त्यावर आला.

पुणे-सोलापूर महामार्गावर, उजनीच्या फुगवट्याकाठी भिगवण आहे. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसच्या डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे गाव निवडलं. प्रशिक्षण दिलेले 21 स्वयंसेवक दारोदार गेले. सुमारे सहा हजार वस्तीपैकी 4092 प्रौढांची नोंद झाली. प्रश्न साधे होते. गेल्या सात दिवसांत कुठे दुखलं का? हातात माणसाच्या आकृतीचा कागद. लिहिता न येणाऱ्या माणसानेही बोट ठेवून जागा दाखवायची. ज्याने हो म्हटलं, त्याची पुढची विचारपूस, मग सांधेतज्ज्ञाकडून तपासणी. पाच आठवड्यांत तिन्ही पायऱ्या बरोबरीने चालल्या.

दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरला जो येईल तोच रुग्ण दिसतो. न येणारा, म्हणजे भाडं नसलेला, रोज बुडवू न शकणारा, किंवा दुखणं हे नशीब मानून बसलेला, कधी दिसत नाही. भिगवणमध्ये तो पहिल्यांदा दिसला. 746 प्रौढांना, म्हणजे शंभरात अठराहून अधिक जणांना, सांधे-स्नायूंचं काही ना काही दुखणं होतं. त्यातलं निम्म्याहून अधिक दुखणं नाव न देता येणारं किंवा स्नायू-कंडरांचं, कष्टाचं होतं. त्यानंतर झीज. आमवात हजारी पाचाच्या आसपास. हा आकडा लहान वाटतो, पण वीस हजार प्रौढांच्या वस्तीत तो शंभर माणसं होतो, आणि त्यात बायका पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट असतात. श्रीमंत देशांत हे प्रमाण अर्धा ते एक टक्का, म्हणजे आमच्या कोरडवाहू गावात आणि लंडनमध्ये फारसा फरक नाही. 'हा मोठ्या लोकांचा आजार, आपल्याकडे कुठला' असं म्हणायची सोय त्यानंतर उरली नाही.

आमच्या तालुक्याला असली मोजणी नवी नव्हती. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने 1987 मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली होती. बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतल्या साडेतीनशेच्या आसपास गावांत माणसं जाऊन विचारत होती. मेथोट्रेक्सेटचं नाव आमच्याकडे पहिल्यांदा पोचलं तेही कर्करोगाचं औषध म्हणूनच. आजही आमवाताच्या रुग्णाला ती गोळी लिहून दिली आणि शेजारच्या शिकलेल्या पोराने मोबाइलवर नाव टाकून पाहिलं, की घरात रडारड होते. सांध्यासाठीची मात्रा कर्करोगाच्या मात्रेच्या मानाने फार लहान असते, हे डॉक्टरने गोळी लिहितानाच सांगायला हवं.

आणि आयुर्वेदाचं काय? हा प्रश्न वैरागमध्ये पहिला येतो आणि त्याला तुच्छतेने झटकणं मला पटत नाही. चोप्रांनीही झटकला नाही. पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन यांच्यासह त्यांनी अश्वगंधा, सालई गुग्गुळ, सुंठ आणि हळद यांच्या मिश्रणाची 182 रुग्णांवर सोळा आठवडे चाचणी घेतली. कुणाला खरं औषध, कुणाला नुसती गोळी, हे रुग्णालाही ठाऊक नव्हतं आणि डॉक्टरलाही. 2000 साली निकाल प्रसिद्ध झाला. औषधाने शंभरात 39 जणांना ठरवलेल्या मापाचा आराम पडला, नुसत्या गोळीने 30 जणांना. हा फरक ठाम निष्कर्षाला पुरेसा नव्हता. औषध निर्धोक दिसलं, पण मेथोट्रेक्सेटची जागा घेण्याइतकं बळ त्यात दिसलं नाही. नुसत्या गोळीनेही तिघांत एकाला बरं वाटतं, हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. अमुक काढ्याने अमक्याची मूठ सुटली, या प्रत्येक गोष्टीत तो लपलेला असतो.

दरम्यान 1973 चा पाहुणा परत निघाला होता. 2000 साली पुणे-सोलापूर रस्त्यावरच्याच यवतमध्ये पकडलेल्या डासांत चिकुनगुन्याचा विषाणू सापडला. 2006 मध्ये देशभर साथ पेटली आणि त्या एका वर्षात तेरा लाखांहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. महाराष्ट्रातली गावंच्या गावं काठी टेकत चालू लागली. हा विषाणू आता आफ्रिकी कुळातला होता, बार्शीत आलेला आशियाई कुळातला होता. बहुतेकांचे सांधे काही आठवड्यांत सुटले, काहींचे महिनोन्‌महिने धरलेले राहिले, आणि त्यांचे सुजलेले हात आमवाताच्या हातांसारखेच दिसत. त्या धामधुमीत खरा आमवात सुरू झालेली माणसंही 'चिकुनगुन्याचं आहे, जाईल' या समजुतीवर थांबली असणार. म्हणून सहा आठवड्यांची रेघ महत्त्वाची. 2010 च्या आंतरराष्ट्रीय निकषांत सुजलेले सांधे किती, रक्तातली प्रतिपिंडं, ईएसआर-सीआरपी या दाहाच्या तपासण्या यांच्या जोडीला सहा आठवडे टिकलेली लक्षणं मोजली जातात. नुसत्या आरए फॅक्टरवर निदान होत नाही. आमवात असलेल्या दर चार-पाच जणांत एकाच्या रक्तात तो सापडत नाही, आणि काही निरोगी म्हाताऱ्या माणसांत सापडतो. आमच्याकडे तेवढ्या एका कागदावर कुणाला उगाच आजारी ठरवलं जातं, तर कुणाला मोकळं सोडलं जातं.

उपचाराचं पुढचं पान लंडनचं. चेरिंग क्रॉस रुग्णालयात 1992 मध्ये मार्क फेल्डमन आणि रवींदर मैनी यांच्या चमूने टीएनएफ या दाह पेटवणाऱ्या प्रथिनाला अडवणारं प्रतिपिंड रुग्णांना दिलं, आणि वर्षानुवर्षं सुजलेले सांधे उतरले. ही बायोलॉजिकल औषधं 1998 पासून बाजारात आली. किंमत मात्र सोन्याच्या भावाची. 2014 च्या अखेरीस अहमदाबादच्या झायडसने अ‍ॅडालिमुमॅबचं भारतीय रूप आणलं आणि ती बरीच खाली आली. तरी कोरडवाहू शेतकऱ्याला ती अजून जडच आहे. शिवाय या इंजेक्शनने दबलेला क्षयरोग डोकं वर काढू शकतो, म्हणून आधी छातीचा फोटो आणि क्षयाची तपासणी करावीच लागते. सुदैवाने बहुतेकांना इथवर जावंच लागत नाही. मेथोट्रेक्सेट, जोडीला सल्फासॅलझिन किंवा हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, आणि दर दोन-तीन महिन्यांनी सांधे मोजून मात्रा कमीजास्त करणं, एवढ्याने पुष्कळ जणांचा आजार ताब्यात राहतो. अट एकच, सुरुवातीच्या महिन्यांतच सुरू व्हायला हवं.

वैरागहून सांधेतज्ज्ञापर्यंत जायचं तर सोलापूर किंवा पुणे. तो एक फेरा टळत नाही, पण निदान झाल्यावर रक्ताच्या तपासण्या गावाजवळ होतात. मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती रोजची समजून घेतल्याने माणसं दगावली आहेत. म्हणून चिठ्ठीवर वार मराठीत लिहून मागावा आणि तो आठवडी बाजाराच्या दिवसाला बांधावा, म्हणजे घरातलं लहान मूलही आठवण करून देतं. फॉलिक अ‍ॅसिड डॉक्टर सांगतील त्या दुसऱ्या वारी. रक्तपेशी आणि यकृताची तपासणी सुरुवातीला लवकर लवकर, मग दर दोन-तीन महिन्यांनी. दारू वर्ज्य. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घ्यायची, पोटात मूल असताना ती चालत नाही. वार चुकला तर पुढच्या दोन दिवसांत घेता येते, त्याहून उशीर झाला तर तो आठवडा सोडून द्यायचा आणि पुढच्या ठरल्या वारी नेहमीचीच मात्रा घ्यायची, दोन आठवड्यांची एकदम कधीच नाही.